वेग अडतीस

३ फेब्रुवारी

कारखान्याच्या बसचा वेग अडतीसच होता. पोलीस निरीक्षकांनी दुपारी दुजोरा दिला. बसमधल्या जीपीएस यंत्रात धडकेच्या क्षणाचा आकडा निघाला — ३८. होटगी रस्त्यावर त्या वळणाला मर्यादा चाळीसची. म्हणजे बस चालवणारा सोमलिंग सुटल्यात जमा! रस्ता ओलांडणाऱ्या सोजरबाई जागीच गेल्या, त्याला आज आठवडा झाला.

मेव्हण्याची बातमी आपण लिहू नये, हे कळतं. पण जिल्ह्याचं पान माझ्याकडेच. लिहिली. 'ताशी ३८ किलोमीटर' — किलोमीटर मीच घातलं. दुसरं काय असणार?

४ फेब्रुवारी

महानंदानं भावासाठी शेंगापोळ्या केल्या. बातमी वाचून कारखान्यानं त्याला सोमवारपासून कामगारांच्या बसवर परत बोलावलंय. तो जेवला. एका पोळीवरच उठला.

५ फेब्रुवारी

ऋतुजाचा फोन — सोजरबाईंची मुलगी. भांडली असती तर बरं झालं असतं.

"पेपरात आलंय म्हणून इचारते, काका. म्हंजी आईचीच चूक म्हणायची का?" मग जरा थांबून, "एवढ्या हळू बसनं माणूस एवढ्या लांब जाऊन पडतंय व्हय?"

 पान छपाईला सोडायचंय म्हणालो आणि फोन ठेवला.

६ फेब्रुवारी

स्कूटर घेऊन त्या वळणावर गेलो. काटा अडतीसवर धरला. मागच्या प्रत्येकानं हॉर्न दिला. एक पोरगा ओरडला, "आजोबा, ढकलू का?" कारखान्याची बस इतकी हळू जाताना मी तरी कधी पाहिलेली नाही.

तिथून तसाच यंत्र बसवणाऱ्या नंदीशकडे. तो सहज म्हणाला, "सर, आत नोंद नॉटमध्येच होते. मालकांना मोबाइलवर दाखवताना आम्ही किलोमीटर करून देतो. पोलिसांनी कच्ची नोंद मागितली, तीच दिली की."

नॉट! जहाजांचं माप. सोलापुरात समुद्र कुठला! एक नॉट म्हणजे ताशी साधारण एक पूर्णांक पंच्याऐंशी किलोमीटर. त्याच्या टेबलावरच गुणाकार केला.

सत्तर.

७ फेब्रुवारी

कुणाला सांगितलं नाही. पान वेळेत गेलं.

८ फेब्रुवारी

सकाळी महानंदाला सांगितलं. "पोलिसांनी मानलं, पेपरनं छापलं. तुम्हालाच कशाला मोजायला जायचं होतं?" मग स्वयंपाकघरातून — "त्याला तुम्हीच सांगा. माझ्यानं व्हायचं नाही."

दुपारी सोमलिंगला सांगितलं. वाटलं होतं, चिडेल. त्यानं ब्रेक दाबल्यासारखा पाय जमिनीवर दाबून बघितला.

"आता डोक्यात शिरलं, दाजी. अडतीसला ब्रेक दाबला तर गाडी तितंच हुबी ऱ्हायला पायजे हुती. मी रोज म्हणतुय, माझाच पाय उशिरा पडला का काय."

"अरे, पण काट्यावर सत्तर दिसलं नाही तुला?"

"काटा कुटं हलतोय! दिवाळीपासनं बंद हाय. सांगितलं की सायबांस्नी. म्हणले, आता यंत्र बसवलंय न्हवं, काटा कशाला पायजे?"

उठताना म्हणाला, "छापा, दाजी. पर काट्याचंबी छापा."

महानंदा दाराआड उभी होती. ताट वाढलं, जेवायला बसली नाही.

९ फेब्रुवारी

दुरुस्तीची बातमी दिली. पहिल्या ओळीत सत्तर, दुसऱ्या ओळीत बंद काटा. ऋतुजाला आधी फोन केला. वेग सत्तर होता, हे सांगितलं. नंदीशनं निरीक्षकांना लेखी दिलंय — उद्या ते सोमलिंगला बोलावतील.

सोमलिंग कामावर गेला नाही. बस गेली. तीच बस, ड्रायव्हर दुसरा. काटा तसाच बंद. सातच्या सुमारास होटगीच्या वळणावर येईल.