आबीला युरोप दाखवायचा आहे

१२ एप्रिल, शुक्रवार
उद्या वेयसेल आबी येतो. माझा मोठा भाऊ. पंधरा दिवसांचा व्हिसा मिळाला. सत्तावीस वर्षांपूर्वी रेजाईशी लग्न करून मी तुर्कस्तानातून जर्मनीत, डुइसबर्गला निघाले, तेव्हा हाच अंगणात सगळ्यांसमोर म्हणाला होता, ही तिसरी शिकलेली, झऱ्यावर पाण्याला गेली तरी शोधायला जावं लागतं, परदेशात काय करणार? मी विसरलेले नाही. पॅरिस, ब्रसेल्स, हॉलंड, कोलोनचं मोठं चर्च. सगळं दाखवणार. पॅरिसच्या टॉवरखाली उभं करून विचारणार, आता बोल. त्याच्या तोंडून कबूल करून घेतल्याशिवाय विमानात बसू देणार नाही.
मी स्वतः पॅरिस पाहिलेलं नाही. पण इथंच राहणाऱ्याला त्यात काय अवघड.
शाळेत फरशा पुसायच्या कामावरून रजा घेतली. मशिदीत बायकांना सांगून टाकलं, आबी येतोय, भेटून जा. जळू देत.

१४ एप्रिल, रविवार
अकरा घरं भेटून गेली. सगळी आमच्याच गावची. जिन्यात बुटांचा ढीग. खालच्या मजल्यावरच्या जर्मन बाईने, फ्राउ लिंडनरने विचारलं, कोणी वारलं का? म्हटलं, नाही, भाऊ आलाय. म्हणाली, मग रडतंय कोण? ते रडणं नव्हतं, नाझमिये हसत होती.
आता आमच्यात रीत अशी की जो भेटायला आला त्याच्या घरी पाहुण्याला घेऊन परत जायचं. नाही गेलं तर तो बोलायचा बंद होतो, गावाकडे त्याचा चुलताही बोलायचा बंद होतो. हरकत नाही. अकरा घरं, रोज चार, तीन दिवस. गुरुवारी पॅरिस.

१६ एप्रिल, मंगळवार
रोज चार घरं ठरवली होती. दोन दिवसांत मिळून एक झालं.
नाझमियेकडे चहा झाला. उठले. म्हणाली, एवढी घाई काय, विस्तव न्यायला आलीस का? बसले. फळं आली. उठले. भात चढवलाय म्हणाली. आबी म्हणाला, हनिफे, बस की, लोक प्रेमाने करतायत. तो तिसऱ्यांदा पाय पसरून बसला. काल तर घराबाहेरच पडलो नाही, कारण उरलेसुरले भेटायला आले. आता तेरा घरं.
पॅरिस शनिवारी. पक्कं.

२० एप्रिल, शनिवार
आज पॅरिस नाही. रेजाईची कंबर धरली. गाडी चालवायची म्हटली की याची कंबर धरते, मासे पकडायला जाताना धरत नाही. तसं बोललेही. म्हणाला, मासे वाकायला लावत नाहीत.
पाच घरं झाली. शाकिरे रुसली, तिच्या आधी नाझमियेकडे गेलो म्हणून. समजूत काढायला गेले तर तीही भेट धरली. ती परत करायला शाकिरे आली. आता ती पुन्हा परत करायची. बाराच्या खाली आकडा जात नाही. आणि जो तो आबीच्या हातात पुडकं देतो. हे माझ्या आईला, हे तिच्या गुडघ्याला.

२२ एप्रिल, सोमवार
कोलोनचं चर्च दाखवलं. म्हणजे तिथं राहणाऱ्या आमच्या गावच्या इस्माईलच्या बाल्कनीतून, वरची दोन टोकं. कोलोनचं घर आणि चर्च एकाच फेरीत, डोकं माझंच. मी म्हटलं, आबी, बघ. आबी म्हणाला, उंच आहे, आणि वळून इस्माईलला विचारलं, तुझ्या बापाने ती लंगडी म्हैस विकली का?
यादी आखडती घेतली. पॅरिस पुढच्या खेपेला. ब्रसेल्समध्ये म्हणे पाऊसच असतो. हॉलंड पुरे. परदेशातून परदेश, एकाच दिवसात. यानेच तो गार होईल.

२५ एप्रिल, गुरुवार, रात्री आठ
पहाटेच निघालो, कोणी चहाला धरायच्या आत. सीमेपलीकडची गाडी. मी तिकिटं काढली, मी फलाट शोधला. आबी गुपचूप मागून. छान वाटलं.
वेझेल स्टेशनात गाडी थांबली. भोंग्यातली बाई लांबलचक काहीतरी बोलली. मला बादली, चावी, सुट्टी एवढं जर्मन झरझर येतं. आबीने विचारलं, काय म्हणते? म्हटलं, प्रवास सुखाचा होवो म्हणते.
म्हणत होती की गाडीचे दोन भाग होतायत, पुढचा हॉलंडला, मागचा बोखोल्टला. आम्ही मागे.
हे मला नंतर कळलं. तोवर बोखोल्टला उतरून अर्धा तास आबीला हॉलंड दाखवत होते. म्हटलं, बघ, सायकली. बघ, विटासुद्धा वेगळ्या. आबीने तीन फोटो काढले, घरी पाठवले. मग कबाबवाल्याकडे शिरलो. आपलाच माणूस निघाला, सिवासचा. आबी त्याला म्हणाला, हॉलंडमध्ये धंदा कसा चालतो? तो म्हणाला, काका, हॉलंड आणखी पुढे. हे जर्मनीच.
आबीने माझ्याकडे पाहिलं. शिव्या घातल्या असत्या तर मी दोन उलट्या घातल्या असत्या. परतीच्या गाडीची चौकशी त्यानेच केली, कबाबवाल्याकडे. मी खिडकीशी बसले.

२७ एप्रिल, शनिवार
आबी गेला. बॅगेत पुडकीच पुडकी, त्याचे स्वतःचे कपडे अंगावर, तीन सदरे एकावर एक. विमानतळावर मी वाट पाहत उभी. आता म्हणेल, आता म्हणेल. माझ्या कपाळाचा मुका घेतला आणि म्हणाला, रेजाईच्या कंबरेला गरम मिठाचा शेक दे.
लाजला असेल. पुरुष तोंडावर सांगत नाहीत. घरी जाऊन सांगेल.

२ मे, गुरुवार
सांगितलं. वहिनीने फोन लावून त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठा केला. अंगणात सगळे जमलेले, पुडकी न्यायला आलेल्या म्हाताऱ्या, मुलं, कोंबड्यासुद्धा ऐकू येत होत्या. मी म्हटलं, आबी, सांग सगळ्यांना, कसं वाटलं इकडे? आबी खुशीत होता. म्हणाला, ऐका रे, सत्तावीस वर्षं मी उगाच जिवाला घोर लावून घेतला. हनिफे कुठे गेलेलीच नाही. तीच माणसं, तोच चहा, तेच रुसवे. आपल्या वरच्या आळीतच राहते समजा, फक्त थोडं लांब पडतं. सगळे हसले. कोणीतरी देवाचे आभार मानले. म्हणाला, हनिफे, खरं सांगतो, परवा पहिल्यांदा शांत झोपलो.
मी म्हटलं, आबी, आवाज तुटतोय, ऐकू येत नाही.
आवाज तुटत नव्हता.