मागच्या अंगणातला तंबू

५ जानेवारी

चि. फूटपट्टीस मामाचे अ. उ. आ.

फोन न करता पत्र लिहितो म्हणून हसू नकोस. प्रेषितांनीही पत्रंच लिहिली, आणि ती लोक अजून वाचतात. तुझे मेसेज मला संध्याकाळपर्यंतही सापडत नाहीत.

मी निवृत्त झालो, हे तुला ठाऊक आहेच. नवे पाळक आलेत. बायको आणि तान्हं मूल घेऊन चर्चच्या भांडारखोलीत उतरलेत, तात्पुरते. कमिटी म्हणते, पाळकाचं घर पाळकाला द्या. मी म्हणतो, देतो की, घाई काय आहे? इतक्या वर्षांची पुस्तकं, कपाटं, पलंग, तुझी मामी!

तर दोन कामं कर. निरोपाच्या प्रवचनासाठी एक छानसा तंबू आखून दे. तो मागच्या अंगणात उभारू. विषय माझा ठरलेला: आपण या जगात परके आणि प्रवासी. शिवाय घराला लागून एक खोली काढायची आहे, आम्हा दोघांपुरती. पाया मात्र दणकट धर.

मामी विचारते, वेळेवर जेवतेस का?

तुझा प्रवासी मामा

१२ जानेवारी

ती. मामांस सा. न. वि. वि.

तंबूचा आराखडा सोबत आहे. माझं रोजचं कामच ते: प्रदर्शनांचे मंडप, इमारतींच्या परांच्या. जे उभं करायचं ते उतरवण्यासाठीच. खुंट्या तिरक्या ठोका आणि कोपऱ्यांवर वाळूच्या गोण्या ठेवा.

खोलीचा आराखडा पाठवत नाही. दणकट पायाचा तात्पुरता मुक्काम मला आखता येत नाही.

लहानपणी तुम्हीच सांगितलं होतं, की वाळवंटातल्या निवासमंडपात, म्हणजे देवाच्या तंबूत, जो कोश होता, ती पवित्र पेटी, तिचे उचलायचे दांडे कड्यांतून कधीच काढायचे नसत. मुक्काम कितीही लांबला तरी. मला ते तेव्हाही फार चांगलं डिझाइन वाटलं होतं. तुमच्या कपाटांना दांडे सोडाच, चाकंही नाहीत.

मामींना सांगा, जेवते.

फूटपट्टी

२ फेब्रुवारी

चि. फूटपट्टीस अ. उ. आ.

घोटाळा झाला. प्रवचन उत्तमच झालं. देवाने वचन दिलेला देश समोर असूनही अब्राहाम डेऱ्यातच राहिला, हे सांगताना मलाच रडू आलं. खजिनदारसुद्धा रडले, आणि ते सहसा हातचं काही सोडत नाहीत. शेवटी मी तंबूकडे हात करून म्हणालो, यात जायला आज कोण तयार आहे? तर नव्या पाळकांनी हात वर केला!

त्या भल्या माणसाला वाटलं, मी खरंच विचारतोय. दुपारी बायको, मूल, पाळणा, सगळं तंबूत. इतकी वर्षं मी हे वाक्य बोलतोय, कधी कोणी गेलं नव्हतं. आता उपासना संपली की सगळी मंडळी तिकडे. कोणी चटई नेतं, कोणी दूध. मी व्हरांड्यात एकटा, आणि लोक मलाच विचारतात, पाळकसाहेब तंबूत आहेत ना? तुझी मामी चहा द्यायला जाते ती परत येत नाही.

तेव्हा सही-शिक्क्याचा दाखला पाठव, की तंबू राहायला धोक्याचा आहे. म्हणजे ती मंडळी गुपचूप भांडारखोलीत परततील. आणि टोमणे मारू नकोस. अब्राहामानेही शेवटी जमीन विकत घेतलीच होती.

तुझा मामा

९ फेब्रुवारी

ती. मामांस सा. न. वि. वि.

दाखला सोबत आहे, आणि तो खरा आहे. तंबू मी एका प्रवचनापुरता आखला होता. या आठवड्यात तुमच्याकडे वारा वाढणार आहे. मुलाला आजच हलवा. भांडारखोलीला खिडकी नाही, तेव्हा तिथे नको. समोरच पक्क्या पायाचं घर आहे. आई गेल्यापासून मी त्यात वाढले, त्यामुळे त्याची खात्री मी देऊ शकते. वारा ओसरल्यावर दोन मोठ्या माणसांना तंबू चालेल, असंही दाखल्यात लिहिलं आहे.

अब्राहामाने जमीन घेतली ती बायकोच्या कबरीसाठी. मामी अजून चहा करताहेत.

फूटपट्टी

२० फेब्रुवारी

चि. फूटपट्टीस अ. उ. आ.

दाखला मामीने मोठ्याने वाचला, तोही खजिनदारांसमोर. त्याच संध्याकाळी वाऱ्याने तंबूची एक बाजू उचलली. पाळणा मीच घरात आणला. पोर माझ्या खांद्यावर झोपलं, आणि त्याला भांडारखोलीत न्या म्हणायला माझी जीभ रेटेना.

वारा पडल्यावर पाहतो तर मामीचं अंथरूण तंबूत! म्हणाली, इतकी वर्षं नुसतं ऐकतेय, एकदा राहून तरी बघते. मग मी काय करणार? आता आम्ही दोघं तंबूत, आणि रोज सकाळी माझी पाठ मला प्रवचन देते. बाजारामागे दोन खोल्या मिळाल्यात, शनिवारी जातो. पुस्तकं शाळेला दिली. मोठं कपाट दारातून निघेना, शेवटी कापलं.

एक अडचण आहे. पाळकाच्या घरात निजायच्या खोल्या दोनच, आणि एकीत पाळण्याला जागा नाही. दुसरी, पूर्वेची खोली बंद आहे. कुलूप तुझं, नोकरीला गेलीस त्या दिवशी लावलंस आणि किल्ली घेऊन गेलीस. मी कधी विचारलं नाही. मामी म्हणते, अजूनही विचारू नका. पण बाई फूटपट्टी, माझ्या कपाटांना चाकं नव्हती हे कबूल. तुझ्या त्या खोलीचे दांडे कुठे आहेत?

तुझा मामा

२४ फेब्रुवारी

ती. मामांस सा. न. वि. वि.

किल्ली सोबत आहे.

दार खाली घासतं. जरा उचलून ढकला. पाळणा पलंगाच्या डाव्या बाजूला मावेल, मापं मला पाठ आहेत. सकाळचं ऊन थेट तिथेच येतं, मुलाच्या डोळ्यांवर पडेल. वरच्या फळीवर आईची निळी शाल आहे. तिचा पडदा करा.

शनिवारी येते. खोलीतलं बाकी सामान मी बांधीन. तुमच्या दोन खोल्यांत एक कोपरा मला असू द्या. तात्पुरता.

लोभ आहेच, तो मात्र या हलवाहलवीत कुठे ठेवून विसरू नका.

फूटपट्टी