डावीकडची पट्टी

१२ फेब्रुवारी

प्रिय मेहुणे यांस,

तुमची प्रकृती ठीक असेल, असे गृहीत धरतो. माझीही ठीक आहे. तुमच्या बहिणीला जाऊन अडीच महिने झाले. जेवण वेळेवर होते.

तुमच्या फर्निचरच्या कारखान्यातून पाठवलेला टेबल सॉ, म्हणजे ती टेबलात बसवलेली विजेची करवत, मंगळवारी पोहोचला. "दाजी, नवाकोरा आहे, तुमचा वेळ जाईल," असे तुम्ही फोनवर म्हणाला होतात. या विधानाबद्दल मला शंका आहे.

खालच्या पेटीत भुसा होता. शिवाय लाकूड टेकवून सरकवण्याची पट्टी पात्याच्या डाव्या बाजूला आवळलेली होती. माहितीपुस्तिकेतील प्रत्येक चित्रात ती उजवीकडे आहे. वापरलेले यंत्र माझ्या गळ्यात मारले, असा निष्कर्ष काढून मी तुम्हाला खरमरीत पत्र लिहायला घेतले. ते फाडले. त्याचे कारण सांगतो.

प्लग काढून, गुण्या लावून पाते टेबलाशी काटकोनात आहे का, ते पाहिले. तंतोतंत होते. पुढची सूचना अशी: पात्याच्या एका दात्याला खूण करा, टेबलावरच्या खाचेपासूनचे त्याचे अंतर मोजा, तोच दाता मागे फिरवून पुन्हा मोजा. मी पेन्सिल घेतली, तर एका दात्याच्या मुळाशी आधीच ठिपका होता. नेलपॉलिशचा, विटकरी. ती बाटली अजून आमच्या आरशापाशी आहे.

तुमची बहीण डावरी होती.

साठी उलटल्यावर तिने सुतारकाम शिकायचे म्हटले, तेव्हा मी म्हणालो, "दहा बोटं आहेत, ती सांभाळ." ती म्हणाली, "दहाच आहेत, म्हणून तर वापरून घेते." विषय संपला, असे मी मानले.

पुढे ती दर गुरुवारी गुडघ्याच्या व्यायामाला जाऊ लागली. परत येई ती केस धुऊन. मी दवाखान्यात फोन केला. त्या नावाचे कोणीही तिथे येत नव्हते. तिला विचारले नाही. आठ महिने समोर बसून जेवलो आणि विचारले नाही. माझ्या मनात काय होते, ते तिच्या भावाला लिहिणे शोभत नाही. शेवटच्या आठवड्यात तिने माझा हात धरला, तेव्हाही मी तो सैल ठेवला.

केसांतला भुसा नुसता झटकून जात नाही, हे मला परवा कळले.

पट्टी एकेचाळीस सेंटिमीटरवर आहे. मी टेप घेऊन घरभर हिंडलो. माझ्या खुर्चीशेजारी, जिथे पुस्तकांची चळत जमिनीवर असते, ती जागा बेचाळीस भरते; एकेचाळीसची फळी तिथे सहज बसेल. हा योगायोग असू शकेल. माझ्या संशयांचा इतिहास पाहता मी आता निष्कर्ष काढत नाही, तुम्ही सांगा.

यंत्र सुरू केलेले नाही, पट्टीही हलवलेली नाही. तिचे काही अर्धवट राहिले असेल, तर कृपया फेकू नका. येत्या गुरुवारी, तिच्याच वेळेला, मी तुमच्याकडे येत आहे.

तिला विचारायचे राहून गेलेला,
तुमचा दाजी