निरोपाचं पाणी

बाई, गेल्या रविवारी आपल्या बाग मंडळाचा उन्हाळी चहा माझ्या अंगणात होता, आणि मोटीबेन आल्या होत्या. तुमच्या घरून अर्धा चहा टाकून उठल्या, त्यानंतर पहिल्यांदाच. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, तरी हे सांगायला मला तुमच्याशिवाय माणूस नाही. सातवी शिकलेल्याचं अक्षर आहे, सांभाळून घ्या. तुम्ही असतात तर आधी लाल पेनानं ऱ्हस्व-दीर्घ सुधारले असतेत आणि मग मजकुराकडे वळला असतात, म्हणजे मला तेवढाच श्वास घ्यायला वेळ.

मंडळात आलो तेव्हा मी कोण होतो? धुळ्याकडून येऊन नरोलीच्या सूत कारखान्यात लागलेला, भाड्याच्या खोलीबाहेर रंगाच्या डब्यात टोमॅटो लावणारा एक कामगार. बाकी सगळ्या मास्तरणी, नाहीतर साहेबांच्या बायका. तुम्ही कोकणातून आलेल्या शाळेच्या बाई. तुमच्या कुंपणाशी जास्वंदीकडे टक लावून उभा असताना मला पकडलंत आणि म्हणालात, "चोरायचीय की लावायचीय?" लावायचीय म्हटलं, तर तिथंच फांदी कापून हातात दिलीत आणि पुढच्या चहाला यायचं फर्मान सोडलंत. वर्षातून तीन चहा. पावसाळ्यात गवती चहा आणि भजी, थंडीत शेवंतीच्या कुंड्या मांडून आल्याचा चहा, आणि उन्हाळ्यात ज्याला उगीच चहा म्हणायचं ते कोकम सरबत. मोटीबेन मात्र भर मे महिन्यात उकळता चहाच मागायच्या. "शरबत पिऊन माणसाचं डोकं नाय उघडत, बेन." सगळ्यांत थोरल्या, म्हणून गुजराती घरातल्या त्या बाईंना सगळं मंडळ मोटीबेन म्हणायचं. निघताना प्रत्येकानं यजमानाच्या एका झाडाला तांब्याभर पाणी घालायचं, ही तुम्हीच घातलेली रीत. निरोपाचं पाणी म्हणायचात तुम्ही त्याला. मोटीबेनचे गुडघे दुखायचे, म्हणून त्या नेहमी पायरीजवळच्या अनंताला घालायच्या.

तो अनंत म्हणजे तुमच्या आईच्या विहिरीवरल्या झाडाची फांदी. आई गेली, घर विकलं, घेणाऱ्यानं विहीर बुजवली आणि झाडही तोडलं. उरलं होतं ते त्या एका कुंडीत. शाळेतून आल्यावर चपला काढायच्या आधी तुम्ही त्याच्या पानांना हात लावायचात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या साली तो फुललाच नव्हता आणि तुम्ही तीन-चारदा तसं बोलून दाखवलंत. मी गावी गेलो होतो. भावाकडे कपाशीचा उरलेला युरिया पोत्यात पडलेला. आमच्याकडे युरिया टाकला की आठ दिवसांत वावर हिरवंगार होतं, एवढंच मला ठाऊक. मूठभर कागदात बांधला आणि थंडीच्या चहाला खिशात घेऊन आलो. बाकी मंडळी आपापल्या शेवंत्या उचलण्यात गुंतली, तेवढ्यात तांब्यात ती मूठ ढवळली आणि अनंताला ओतली. वाटलं, उन्हाळ्यात झाड फुलांनी लगडेल, तुम्ही सगळ्यांदेखत विचाराल, "ही करामत कोणाची?" आणि मी हात वर करीन. वावरात लांबलचक ओळीला पुरतं तेवढं मी एका कुंडीत ओतलं होतं. माझ्यामागून मोटीबेन आल्या आणि त्यांनी आपलं साधं पाणी घातलं.

उन्हाळ्याचा चहा. मी चपला काढतोय आणि पायरीजवळच्या कुंडीत नुसत्या काड्या उभ्या आहेत. मला तिथल्या तिथं कळतं, आणि तरी मी आत जाऊन बसतो. तुम्ही उभ्याच आहात. म्हणता, "कडा करपल्या आणि मग पानं गळाली. हे मिठाचं काम आहे. कोणी काय घातलं?" कढीपत्त्याला छास, म्हणजे ताक, घालायची मोटीबेनची खोड सगळ्यांना माहीत. एका साहेबांची बायको हसत म्हणते, "मोटीबेन, अनंतालापण पाजलीत का छास?" सगळे हसतात. तुम्ही हसत नाही.

"मोटीबेन, खरं सांगा."

"पाणी घातलं, बेन. आणि झाडाची छास वेगळी, त्यात हुं मीठ नाय घालत. घातली असती तर बोलली असती. मला कोणाची भीती?"

"मग काय आपोआप करपलं? माझ्या आईचं तेवढंच उरलं होतं."

मी मिठाची गुळणी धरून बसलोय. उजवा हात मांडीखाली दाबून ठेवलाय, जणू तो आपल्या आपण वर जाईल. मोटीबेन एकेकाच्या तोंडाकडे बघतात, माझ्याही. कोणीतरी बोलेल म्हणून थांबतात. मग कप खाली ठेवतात. "तुम्हाला वाटतं ना, मग तेच खरं. जाऊं छुं, बेन." फाटक वाजतं. तुम्ही माझ्याकडे वळून म्हणता, "बघत काय बसलास? तो कप उचल." मी उचलला, बाई. अर्धा भरलेला होता आणि अजून गरम होता.

आता मंडळाची चिटणीस नाशिकची एक पोर आहे, नवरा राखोलीच्या कारखान्यात इंजिनिअर. तिला हजेरीची जुनी वही सापडली आणि जुन्या सभासदांचा सत्कार करायचा तिनं ध्यास घेतला. बुधवारी ग्रुपवर मेसेज आला, मोटीबेन येतायत म्हणून, पुढं पाच-सहा फुलं. मी "ताप आहे" असं टाइप केलं आणि पुसलं. परत केलं आणि परत पुसलं. रविवारपर्यंत घास गोड लागला नाही. सूनबाई म्हणाली, "बाबा, चहाच तर आहे, परीक्षेला बसल्यासारखे काय करताय?"

त्यांच्या मुलानं मोटीबेनना गाडीतून उतरवलं. हातात काठी, पण नजर तीच. "भाई, तू तो बुढ्ढा हो गया!" म्हणाल्या, आणि सरबत बाजूला सारून चहाच मागितला. शाल दिली, नारळ दिला. मग ती पोर म्हणते, "काका, तुम्ही दोन शब्द बोला." मी खुर्चीची पाठ धरून उभा राहिलो आणि म्हणालो, "मोटीबेननी बाईंचा अनंत मारला नव्हता. त्यात युरिया पडला होता. कोणीतरी घातला होता." टाळ्या पडल्या. मला वाटलं, सुटलो. मोटीबेन टाळी वाजवत नव्हत्या.

"कोणीतरी म्हणजे कोण?"

टाळ्या थांबल्या. वीस माणसं माझ्याकडे बघतायत.

"तुला माहीत आहे, तर नाव बोल."

"मी," म्हटलं. "मी घातला."

मग चिटणीस पोर हसून म्हणाली, "अहो काका, एवढंच ना? मी तर गेल्या महिन्यात तीन मनी प्लांट मारले!" आणि सगळं अंगण हसलं. त्यांचाही दोष नाही, त्यांच्या लेखी ते एक झाड. एकट्या मोटीबेन हसल्या नाहीत. हसण्याच्या आडून मला हळूच म्हणाल्या, "बेन जिवंत होती तेव्हा का नाय बोलला?"

"घाबरलो होतो, मोटीबेन."

त्यांनी मान हलवली. "बेन गेल्या तेव्हा मी त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी उभी होती. आत नाय आली. वाटलं, झाड मारणारी आली म्हणतील." एवढंच बोलल्या. चहा मात्र पूर्ण प्यायल्या. निघताना मी तांब्या भरून पुढं केला. त्यांनी तांब्याला नमस्कार केला आणि कोरड्या हातांनी गाडीत बसल्या.

तेव्हापासून रोज संध्याकाळी हे लिहितोय. ही पानं कुठं जायची नाहीत, हे मला कळतं. पण मोटीबेनना मी दिलेलं उत्तरही खोटं होतं, आणि ते निदान तुमच्यापाशी तसंच राहू नये. तुम्ही रागावला असतात, दोन-तीन महिने बोलला नसतात, आणि मग एक दिवस कुंपणावरून हाक मारली असतीत. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. भीती कसली? मोटीबेन गेल्या आणि तुम्हाला बागेत सोबत उरली नाही. दर शनिवारी पाळी सुटली की तुम्ही मला बोलावू लागलात. स्वतःची छाटणीची कात्री हातात देऊन म्हणालात, "तुझ्या हाताला यश आहे रे." मी कापायचो, तुम्ही बाजूला उभ्या राहून पुस्तकातलं वाचून दाखवायचात, चहा मोटीबेनच्या कपातून मला मिळायचा. बोललो असतो तर मोटीबेन परत आल्या असत्या. बाई, मला ते शनिवार वाटून घ्यायचे नव्हते.