घरातली चप्पल

आई,

आज सकाळी मी तुझ्या आवाजात ओरडलो. फरशीवर डाग दिसले, बुद्धवंदनेच्या कोनाड्यापासून माझ्या खुर्चीपर्यंत, तीन-चार, रुपयाएवढे, आणि तोंडातून निघूनच गेलं, "कुणी सांडलं हे? आत्ताच पुसली होती ना फरशी?" स्वयंपाकघरातून तुझी नात म्हणाली, "मी नाही हां पप्पा, चहा तुम्हीच घेऊन बसला होता." मी पायात चप्पल सरकवली, खुर्चीत बसलो, आणि त्या डागांकडं नीट बघायचं सोडून हे लिहायला घेतलं. तुला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. हे पत्र कुठं टाकायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही. तू असतीस तर ते मलाच तुला वाचून दाखवावं लागलं असतं आणि तेवढी माझी हिंमत नाही. मी 'पायात चप्पल सरकवली' म्हटलं तिथंच तुझ्या कपाळाला आठी पडली असेल, ते मला दिसतंय. होय, मी आता घरात चप्पल घालतो.

घाटकोपरच्या डोंगरावरच्या आपल्या खोलीत असं कुणी केलं असतं तर तू त्याला चपलेसकट उतारावरून खाली पाठवलं असतंस. भिंती पत्र्याच्या होत्या तेव्हासुद्धा आपल्याकडं खाली शहाबादी फरशी होती. भिंतीचं नंतर बघू, असं तू बाबांना ऐकवलं होतंस. मुलुंडच्या औषधाच्या कंपनीत दिवसभर उभ्यानं पॅकिंग करून तू यायचीस आणि आधी फरशी पुसायचीस, मग चहा. एकदा विम्याचा एजंट बूट घालून एक पाऊल आत आला, तेव्हा तू हात आडवा धरलास. "भाऊ, बूट तेवढं भाईर." तो म्हणाला, "दोनच मिनिटं आहेत, काकू." तू म्हणालीस, "मग दोन मिनटं भाईरच बोला की."

मी दहावी झालो तेव्हा बोनसच्या पैशातून तू मला शर्ट घेतला नाहीस, चामड्याचे काळे बूट घेतलेस. शेजारच्या बायका म्हणाल्या, पोराचं पाऊल वाढतं, कशाला एवढे महागाचे. तू ऐकलं नाहीस. संध्याकाळी उंबऱ्यावर बसून तू त्या बुटांना पॉलिश करतेयस, मी शेजारी उकिडवा बसलोय, आणि तू मान वर न करता सांगतेस, "माझा बाप गावात वरच्या आळीतनं जाताना चपला काडून बगलंत धरायचा. म्या बघितलंय." मी विचारलं, का? "का म्हंजे? तसंच हुतं." मग ब्रश खाली ठेवून म्हणालीस, "भाईर कुणाच्या सांगण्यावरनं पायातली काडायची न्हाई. कळलं?" मी म्हटलं, आणि घरात? "घरात म्या सांगते म्हनून काडायची. हितं आपली मर्जी चालती." एवढंच. ही गोष्ट तू पुन्हा कधी काढली नाहीस. पुढं मी नोकरीला लागलो, साहेब झालो नाही, पण पायात कायम चांगलं घातलं.

म्हणून तर त्या दिवशी एवढं हसू आलं. बाजारातून आपण दोघं भाजीच्या पिशव्या घेऊन चढ चढून आलो, उंबऱ्यापाशी तू चपला काढायला गेलीस आणि एकच निघाली. मी म्हटलं, "अगं, दुसरी कुठंय?" तू पायाकडं बघत राहिलीस. "आत्ता तर व्हती." अख्खा डोंगर, खडी, फुटक्या पायऱ्या, तू एका पायानं अनवाणी चढून आली होतीस आणि तुला पत्ता नव्हता. मी परत खाली गेलो. कांदेवाल्यानं चप्पल गाडीच्या चाकाला टेकवून उभी ठेवली होती. "आईला सांग, एक पायात राहिली हेच नशीब!" आपण डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. तूसुद्धा. साखर तुला आधीच होती, पायांना मुंग्या येतात, तळव्यांना मिरची चोळल्यागत होतं असं तू म्हणायचीस. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या तेव्हा तू पाकीट बघून म्हणालीस, "ह्या तर म्याच भरल्याल्या असतील." त्यावरही आपण हसलो. आजार सरळ दारात येऊन सांगत होता, आणि आपल्यापैकी एकालाही ऐकू आलं नाही.

नंतर मोठ्या हॉस्पिटलमध्ये नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, साखरेनं पायाच्या नसा गेल्यात, आता अनवाणी चालायचं नाही, घरातसुद्धा. त्यांनी सांगितलेल्या दुकानातून मी चपला आणल्या, काळ्या रबराच्या, जाड तळाच्या, वर पट्टी. तू हातात घेतल्यास आणि तुझा चेहरा पडला. "महारोग्याच्या हायत ह्या." मी म्हटलं, "अगं, मऊ असतात, पायाला बऱ्या. कंपनीत आत चप्पल घालायचीस ना?" "ती कंपनी व्हती. हे माझं घर हाय." मी त्या सकाळी तुझ्या खाटेपाशी ठेवायचो, संध्याकाळी त्या उंबऱ्याबाहेर आमच्या चपलांच्या रांगेत असायच्या. असं बरेच दिवस चाललं. मग मी कंटाळलो. एकदा म्हटलं, "बरं, तळवा तरी दाखव बघू." तू पाय लुगड्याखाली ओढून घेतलास. "लेकानं आईच्या पाया पडायचं असतं. तळवं बघायचं नसतात." परीक्षेला जाताना, लग्नाच्या दिवशी, पहिल्या पगाराला, किती वेळा तुझ्या पाया पडलो असेन. वरूनच. खालची बाजू मी कधी पाहिली नव्हती.

पुढच्या महिन्यात तुझी कटकट सुरू झाली. "कोन ओलं पाय घिऊन फिरतंय घरात?" आधी सुनेवर, मग माझ्यावर, मग शेजारच्या पोरांवर. पोतेरं घेऊन तू स्वतः डाग पुसायचीस आणि पुसून वळलीस की पुन्हा डाग. एका दुपारी तुझी सून तुझ्या मागून चालत होती. तिनं पाहिलं, तू पाऊल उचलतेस तिथं डाग राहतोय. तळव्यात कॅलेंडरचा खिळा रुतला होता, लहानसा, भिंतीवरून कधीतरी निसटलेला. किती दिवस तू त्याच्यावर उभी राहून भाकऱ्या थापल्यास कोण जाणे. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी पट्टी सोडली तेव्हा मी तुझा तळवा पहिल्यांदा पाहिला. आधी बोटं गेली, मग गुडघ्याखालून पाय, आणि मग तू त्या फरशीवर परत आलीच नाहीस. काळ्या चपला रांगेत कोऱ्याच राहिल्या. खोली पाडून तिथं इमारत झाली तेव्हा त्या कुठं गेल्या, मला आठवत नाही.

साखर आता मलाही आहे; माझ्या पायांचं कसं कळलं, सांगतो. घाटकोपरच्या मेट्रोच्या जिन्यावरून उतरत होतो आणि मागून एक मुलगी ओरडली, "ओ काका, चप्पल!" तिच्या हातात माझी चप्पल. पाच-सहा पायऱ्या मी एका पायानं अनवाणी उतरलो होतो. दोघं-तिघं हसले, चांगलं हसले, जसे आपण हसलो होतो तसेच. मी चप्पल घेतली आणि तिथंच पायरीवर बसलो. पोरगी घाबरली. "काका, चक्कर येते का? पाणी देऊ?"

मग मी सगळ्यांचं ऐकलं, एका डॉक्टरांचं सोडून. नस दाबणारा एक माणूस गाठला, त्यानं दाबून दाबून पोटरी काळीनिळी केली. थरथरणाऱ्या यंत्रात पाय घालून बसलो. इमारतीतल्या एका मित्राच्या सांगण्यावरून पहाटे बागेत हिरवळीवर अनवाणी फिरलो, आणि खोटं कशाला बोलू, छान वाटलं, कारण चप्पल काढायला मला तुझ्यासारखं कुणीतरी सांगत होतं. गरम पाण्यात मीठ घालून पाय सोडले तेव्हा तुझी सून किंचाळली, "अहो, वाफ बघा त्याची!" मला ते कोमट वाटत होतं. पायांवर आलेल्या फोडांनी मला मुलुंडच्या पायांच्या दवाखान्यात नेलं. तिथं एक तरुण थेरपिस्ट आहे, तुझ्या नातीएवढीच. तिच्या हातात नायलॉनचा बारीक दोरा होता. "काका, डोळे मिटा. मी तळव्याला हे टेकवणार. लागलं की 'हो' म्हणायचं, बस." मी डोळे मिटून बसलो. वाट बघितली. शेवटी म्हटलं, "सुरू करा ना." ती म्हणाली, "काका, झालं की. दोन्ही पाय झाले."

मी डोळे उघडले. मग तिनं विचारलं, "स्वतःचा तळवा शेवटचा कधी बघितलात?" मी म्हटलं, "स्वतःचा?" "मग काय शेजाऱ्यांचा?" तोंडाची फटकळ आहे, पण हात फार हलका. आग होते त्याच्या गोळ्या तिथल्या डॉक्टरांनी दोनदा बदलल्या, पहिलीनं मी दिवसभर पेंगायचो. ओट्याला धरून एका पायावर उभं राहायचं, डोकावून बुटात हात फिरवल्याशिवाय पाय घालायचा नाही, पाणी कोपरानं बघायचं, हे सगळं तिनं शिकवलं. मी विचारलं, बरं होणार का? "खोटं नाही बोलणार, काका. गेलेलं परत येईलच असं नाही. पण पाय राखायचा, ते आपल्या हातात आहे. घरात अनवाणी एक पाऊल नाही. तळवा रोज बघायचा, नाही दिसला तर घरच्यांना दाखवायचा. काही दिसलं तर त्याच दिवशी इथं यायचं. उद्या नाही." आई, मी तुला चपला आणून दिल्या, पण अशी एक बोलणारी पोरगी शोधून आणली नाही. तुझ्या वेळी अशी जागा कुठंतरी असेलही. मी शोधली नाही, आणि ते मला आता फार लागतं.

चपला आल्या, तशाच काळ्या, जाड. पहिल्या दिवशी मी त्या उंबऱ्यापाशी घेऊन नुसता उभा. तुझी नात म्हणाली, "पप्पा, ह्यांनी रस्ता बघितलाच नाहीये. दुकानातून थेट घरात. म्हणजे ह्या बाहेरच्या नाहीतच. आजीला काय प्रॉब्लेम असणार?" हे तुला कुणी म्हटलं असतं तर तू ऐकलं असतंस असं मला वाटतं. 'हितं आपली मर्जी चालती' म्हणणारी बाई तू. रस्ता न बघितलेली चप्पल तुझ्या फरशीवर चालली असती. एवढी साधी गोष्ट मला त्या वेळी सुचली नाही, आणि मी नुसता खाटेपासून उंबऱ्यापर्यंत त्या चपलांची ने-आण करत बसलो.

पण एक गोष्ट मी त्या थेरपिस्टला सांगितलेली नाही, घरातही नाही. सकाळी वंदनेला चप्पल काढतो. खुर्चीपाशी ठेवतो आणि कोनाड्यापर्यंत चार पावलं अनवाणी जातो. बुद्धमूर्तीशेजारी तुझा फोटो आहे. बुद्धानं काही म्हटलं नसतं, तुझी मला खात्री नाही. आज त्या चार पावलांत काय लागलं ते मला माहीत नाही. लागलंय एवढं फरशीवर दिसतंय. तुझी नात रोज विचारते, "पप्पा, बघितला तळवा?" मी हो म्हणतो. तळवा बघायला आणलेला आरसा पलंगाखाली धूळ खातोय. "दाखवा मला," म्हणते, तर मी म्हणतो, "लेकीनं बापाचे तळवे बघायचे नसतात." तुझंच वाक्य. बोलून झाल्यावर मला कळतं.

त्या दिवशी तू पाय लुगड्याखाली ओढून घेतलास ना, तेव्हा मला सुटल्यासारखं झालं होतं. मी एकदाच म्हटलं, दाखव. दुसऱ्यांदा म्हटलं असतं तर तू चार शिव्या देऊन दाखवलाही असतास. मी दुसऱ्यांदा म्हटलं नाही.

ती आता पोतेरं घेऊन बाहेर आली आहे. खाली बसली. पुसता पुसता थांबली. "पप्पा, हा चहा नाहीये." मी लिहितोय. "पप्पा, पाय दाखवा." मी म्हटलं, थांब, एवढं संपवतो. ती खुर्चीपाशी सरकली, फरशीवर मांडी घातली, आणि पुन्हा म्हणाली, "दाखवा पाय." मी पाय पुढं केलाय. तिनं चप्पल काढून बाजूला ठेवली असावी, टाच मांडीवर घेतली असावी, मला काही कळत नाही. मी अजून लिहितोय, आई, कारण लिहायचं थांबवलं की मला खाली तिच्या तोंडाकडं बघावं लागेल.