दातांच्या डॉक्टरसाठी प्रार्थना

शनिवार, १२ ऑक्टोबर

प्रिय व्हर्ना,

प्रभूची शांती तुझ्या घरात असो. इकडे सगळे बरे आहेत. मका अर्धा निघाला. तपकिरी घोडी पुन्हा लंगडते आहे. उद्याची उपासना आमच्याकडे, त्यामुळे बाकं सकाळीच येऊन पडली आहेत आणि तुझी वहिनी लोवायना कुणाला घरात पाऊल टाकू देत नाही. तू इथे असताना ढवळलेला सफरचंदाचा मुरंबा उद्याच उघडणार आहोत.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. सूज उतरली, पाव चावता येतो, हे वाचून बरं वाटलं. "तुमच्या ओहायोत दातांचे डॉक्टर दगडाचे घडवतात का रे?" असं तू लिहिलंस. लोवायनाने ते मोठ्याने वाचलं आणि हसली. मी हसलो नाही.

नऊ बाळंतपणांत तू कधी औषध मागितलं नाहीस. दाढ काढल्यावर चौथ्या दिवशी मात्र त्या खुर्चीत बसून दोनदा मागितलंस. "डॉक्टर, हाड उघडं पडलंय. काहीतरी जोराचं द्या, दोन दिवसांपुरतं." तो म्हणाला, "साध्या गोळ्याच चालू ठेवा." तू म्हणालीस, "साध्या गोळ्या माझ्या कोंबड्यांना घाला." मग त्याने तुझ्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. तुझ्या डोळ्यांवर दिवा होता, तुला दिसलं नसेल. मी मांडीवरची टोपी फिरवत राहिलो.

तो माझ्याकडे का पाहत होता, ते आज लिहितो.

तीन वर्षांपूर्वी शेजारचा एर्व्हिन कोठाराच्या छपरावरून पडला. हाडं जुळली, पण दुखण्यावरच्या जोराच्या गोळ्या सुटेनात. त्याच्या बायकोचे हाल सगळ्यांनी पाहिले. चिठ्ठ्या टाकून पुढारी निवडताना माझं नाव निघालं आणि मंडळीची शिस्त सांभाळणं माझ्याकडे आलं, त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी कुणाला न विचारता या डॉक्टरकडे गेलो. म्हणालो, "आमच्या माणसांना त्या गोळ्या देऊ नका. आमची माणसं सोसतात." तो आधीच घाबरलेला होता, सरकार अशा गोळ्यांसाठी त्याने लिहिलेली एकेक चिठ्ठी तपासत होतं. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला.

एवढंच असतं तर तुला तेव्हाच सांगितलं असतं.

जानेवारीत मला मूतखडा झाला. तुला मी 'पाठ धरली' एवढंच कळवलं होतं. मी सोसलं नाही, व्हर्ना. मोटारवाला ठरवून चाळीस मैलांवर, जिथे मला कुणी ओळखत नाही अशा गावी गेलो आणि डॉक्टरसमोर रडून त्याच गोळ्या मागून घेतल्या. उरलेल्या सात गोळ्या घड्याळामागे डबीत होत्या. तू वर पलंगाची दांडी धरून कण्हत होतीस, तेव्हाही तिथेच होत्या. लोवायना मला म्हणाली, "किती चावी द्याल त्या घड्याळाला? बहिणीजवळ जाऊन बसा जरा."

डबी तुला द्यायचीही गरज नव्हती. फक्त गाडी जुंपून त्या डॉक्टरकडे जायचं होतं आणि माझा शब्द मागे घ्यायचा होता. पण मग कुणीतरी विचारलं असतं, मेनोला दुखणं कधीपासून कळायला लागलं?

मंगळवारी त्या दातांच्या डॉक्टरकडे गेलो आणि शब्द मागे घेतला. तो बराच वेळ हात पुसत राहिला. म्हणाला, "मेनो, तुझं नाव पुढे करून 'नाही' म्हणणं मला फार सोपं झालं होतं. आता पुन्हा एकेकाकडे नीट बघावं लागेल." डबी औषधांच्या दुकानात परत केली. लोवायनाला काल सांगितलं. घड्याळ खाली उतरवून तिने मागची धूळ पुसली.

उद्या या बाकांसमोर गुडघे टेकून सगळं सांगेन. तुला ते दुसऱ्या कुणाच्या पत्रातून कळू नये.

पत्राच्या शेवटी तू लिहिलंस, त्या डॉक्टरचं मन मऊ व्हावं म्हणून मी रोज प्रार्थना करते, तूही कर. पाच दिवस झाले, मला ती जमलेली नाही. तू थांबवू नकोस. त्यातलं नाव तेवढं बदल.

तुझा भाऊ,
मेनो