आईचा ड्रम आणि माझा बॅकअप

मंगळवार, संध्याकाळ. नळाला पाणी येऊन आठ दिवस झाले.

ऑफिसातल्या सर्व्हरची डिस्क भरली म्हणून सकाळी मी जुने बॅकअप सगळे उडवले. कालचा ताजा आहे, मग जुने कशाला ठेवायचे? तो ताजा एकदा उघडून बघायचं सुचलंच नाही. डिस्कवर जागाच नव्हती, तर तो भरणार कुठून? दुपारी लाईट गेली, सर्व्हरवरच्या मूळ नोंदी खराब झाल्या आणि बॅकअप उघडला तर आत काहीच नाही.

पाचोडकडच्या वस्त्यांवर उन्हात फिरून, विहिरीत दोरी सोडून आमच्या ऑफिसच्या शारदाताईंनी पाणी मोजलं होतं, त्याच या नोंदी. सगळा उन्हाळा. तो गेला.

त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "जाऊ द्या सर. मशिनचं काय खरं नसतं. माझ्या वह्या हायेत, परत भरते सगळं."

मी म्हणालो, "व्हय."

का म्हणालो? मशिननं काय केलं होतं?

घरी आलो तर आई नळापाशी बसलेली. आज पाण्याची पाळी, म्हणून मी शिळ्या पाण्याचा ड्रम आडवा करायला गेलो. तिनं हात धरला. "थांब की. आधी धार तर येऊ दे." नळ नुसताच फुसफुसत होता. नववी शिकलेली माझी आई. ड्रमवर झाकण ठेवून ती पुन्हा बसली.

"तोंड का असं उतरलंय रे?"

"ऑफिसातली मशिन बिघडली," मी म्हणालो.

आज दुसऱ्यांदा मशिनवर ढकललं.